आवृत्ती ३.२१ : विकलेल्या यंत्रातून परत घेतलेली सोय

२८ मार्च २०१० ला सोनीने एक छोटं निवेदन प्रसिद्ध केलं. चार दिवसांनी, म्हणजे १ एप्रिलला, प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या कन्सोलसाठी ३.२१ क्रमांकाचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, येणार होतं. एरवी अशा निवेदनात नवीन काय मिळणार याचं कौतुक असतं. या निवेदनात काय जाणार ते लिहिलं होतं : 'इन्स्टॉल अदर ओएस', म्हणजे यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवण्याची सोय, बंद होणार, कारण सुरक्षेचं. तारीख पाहून कुणी तरी थट्टा करतंय अशी शंका यावी, पण १ एप्रिलला अपडेट खरोखरच आलं.

प्लेस्टेशन ३ एव्हाना बहुतेक घरांत माळ्यावर गेला असेल. तरी हे प्रकरण मी पुन्हा उकरतोय. गिऱ्हाइकाच्या घरात ठेवलेल्या, पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूतला एखादा भाग कंपनीने दुरून काढून घेतला तर पुढे काय काय घडतं, याचा इतका सविस्तर पंचनामा दुसऱ्या कुठल्या प्रकरणात झालेला माझ्या तरी पाहण्यात नाही. यात हॅकर आहेत, अमेरिकी हवाई दल आहे, कृष्णविवरांचा अभ्यास करणारे प्राध्यापक आहेत आणि आठ वर्षं रेंगाळलेला खटलाही आहे.

आधी सोय काय होती ते पाहू. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये जपान आणि अमेरिकेत आला. अमेरिकेत २० जीबीचा कन्सोल ४९९ डॉलरला होता आणि ६० जीबीचा ५९९ डॉलरला. भारतात तो एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना आला. त्या पैशात तेव्हा चांगला डेस्कटॉप घेऊन वर प्रिंटरही आला असता. किमतीवरून ओरड झाली, तेव्हा प्लेस्टेशनचे जनक मानले जाणारे केन कुतारागी सांगत होते की याला गेमचा डबा समजू नका, हा संगणक आहे. त्या बोलण्याला आधार होता तो 'अदर ओएस'चा. कन्सोलच्या मेन्यूतूनच त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम बसवता येत असे. त्यासाठी कुलूप फोडावं लागत नव्हतं, वॉरंटीही जात नव्हती. ही वाट कंपनीनेच ठेवलेली होती आणि तिची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर होती.

ती वाट वापरायची कशी, हे जरा जवळून सांगतो, कारण नंतर कोर्टात 'हे वापरणारे असे किती होते' हा मुद्दा फिरून फिरून आला. सेटिंग्जमध्ये जायचं, फॉरमॅट युटिलिटी उघडायची आणि हार्ड डिस्कचे दोन वाटे करायचे. वाटणीचे पर्याय दोनच होते. दहा जीबी लिनक्सला आणि उरलेली जागा गेमला, किंवा दहा जीबी गेमला आणि उरलेली लिनक्सला. मधलं काही नाही. मग पेनड्राइव्हवर ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये बूटलोडरची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारी, फाइल ठेवून ती चढवायची, 'डिफॉल्ट सिस्टीम'मध्ये 'अदर ओएस' निवडायचं आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. टीव्हीवर काळ्या पडद्यावर 'केबूट' असा प्रॉम्प्ट यायचा. लिनक्समधून पुन्हा गेमकडे यायचं तर 'बूट-गेम-ओएस' अशी आज्ञा टाइप करायची. टेरा सॉफ्ट कंपनीच्या 'यलो डॉग लिनक्स'ची एक आवृत्ती खास या यंत्रासाठी काढलेली होती.

संगणक म्हणून यंत्र मात्र लंगडंच. मुख्य मेमरी जेमतेम २५६ एमबी. ग्राफिक्स चिपवर सोनीने हायपरवायझरचा पहारा बसवला होता. हायपरवायझर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्याही खाली बसून हार्डवेअरवर नजर ठेवणारा थर. त्यामुळे लिनक्समध्ये थ्रीडीचं नाव नको. ब्राउझरच्या चार खिडक्या उघडल्या की यंत्र दमायचं. ग्राफिक्स चिपची २५६ एमबी मेमरी नुसती पडून राहते म्हणून लिनक्सवाल्यांनी तीच स्वॅपसाठी, म्हणजे मुख्य मेमरी अपुरी पडली की जादा जागा म्हणून, जुंपणारा ड्रायव्हर लिहिला. घरात चार पाहुणे जास्त आले की देवघरातही अंथरूण पडतं, त्यातला प्रकार.

मग एवढा आटापिटा कशासाठी? 'सेल' नावाच्या प्रोसेसरसाठी. सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून बनवलेल्या या चिपमध्ये एक मुख्य गाभा (कोअर) आणि आठ सहायक गाभे होते. प्लेस्टेशनमध्ये आठातला एक बंद ठेवलेला असे, म्हणजे एखादा गाभा सदोष निघाला तरी चिप फेकावी लागत नसे. आणखी एक सुरक्षेच्या कामाला बांधलेला. उरलेले सहा लिनक्सला मिळत. एकाच प्रकारची आकडेमोड कोट्यवधी वेळा करायची असेल तर हे सहा गाभे त्या काळच्या महागड्या सर्व्हरला मागे टाकत. शिवाय किंमत पडेल होती. आयसप्लाय या संस्थेने २००६ मध्ये यंत्र उघडून अंदाज बांधला होता की ५९९ डॉलरच्या कन्सोलमागे सोनीला सुमारे ८४० डॉलर खर्च येतो. हा तोटा गेमच्या विक्रीतून भरून काढायचा, असा हिशोब. गेम कधीच न घेणारं गिऱ्हाईक म्हणजे सोनीसाठी आतबट्ट्याचा व्यवहार होता. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

अशी गिऱ्हाइकं आलीच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेतले भौतिकशास्त्रज्ञ गौरव खन्ना यांनी २००७ मध्ये आठ प्लेस्टेशन जोडून 'ग्रॅव्हिटी ग्रिड' उभी केली. कृष्णविवरांपासून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरींची गणितं ते तिच्यावर सोडवत. त्यातले काही कन्सोल सोनीनेच देणगी म्हणून दिले होते. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने आधी ३३६ कन्सोल घेतले, मग आणखी २,२०० मागवले. त्यांतले १,७०० हून अधिक जोडून 'काँडर क्लस्टर' हा महासंगणक उभा राहिला.

सोय काढण्याची पहिली पायरी ऑगस्ट २००९ मध्ये पडली. नवं 'स्लिम' मॉडेल जाहीर झालं आणि त्यात 'अदर ओएस' नव्हतं. हार्डवेअर बदललं की लिनक्ससाठीचे ड्रायव्हर पुन्हा लिहावे लागतात आणि त्याला खर्च येतो, असं कंपनीचं म्हणणं. यावर माझी काही तक्रार नाही. नव्या मालात काय द्यायचं ते विकणाऱ्याने ठरवावं, घेणाऱ्याने बघून घ्यावं. शिवाय लिनक्सचं काम पाहणाऱ्या सोनीच्याच अभियंत्याने तेव्हा आश्वासन दिलं होतं की आधी विकलेल्या मॉडेलांवर ही सोय चालू राहील. लोक त्या शब्दावर विसंबले.

जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने हायपरवायझर फोडल्याचं जाहीर केलं. आयफोनचं कुलूप उघडणारा म्हणून तो आधीच प्रसिद्ध होता. त्याची युक्ती अशी : लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे त्याच्या मूळ भागातून, हायपरवायझरकडे मेमरीचे पुष्कळ तुकडे मागायचे, मग ते परत करायचे, आणि परतीची नोंद होत असतानाच मेमरीच्या तारेवर काही नॅनोसेकंदांचा विजेचा झटका द्यायचा. नोंद चुकते. हायपरवायझरला वाटतं तुकडा परत आला, लिनक्सच्या हाती मात्र तो राहतो. आता हायपरवायझरने तो तुकडा स्वतःच्या महत्त्वाच्या कामाला घेतला की लिनक्सला त्यात ढवळाढवळ करता येते. त्यासाठी कन्सोल उघडून तार डकवावी लागे आणि झटका बरोबर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागे. घरोघरी चालणारी चाचेगिरी यातून लगेच सुरू होणार नव्हती. तरी भोक खरं होतं आणि त्याची वाट लिनक्समधून जात होती. सोनीने सुरक्षेचं कारण हवेतून काढलं, असं मी म्हणणार नाही.

माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. अपडेट 'ऐच्छिक' होतं. नको असेल तर घेऊ नका, असं निवेदनातच म्हटलं होतं आणि न घेतल्यास काय जाईल तेही दिलं होतं. प्लेस्टेशन नेटवर्कवर साइन इन करता येणार नाही, म्हणजे ऑनलाइन खेळणं बंद. ३.२१ किंवा पुढची आवृत्ती मागणारे गेम आणि ब्लू-रे चित्रपट चालणार नाहीत. घरातल्या मीडिया सर्व्हरवरचे कॉपीराइटने बांधलेले व्हिडिओ दिसणार नाहीत. आणि अपडेट घेतलं तर लिनक्स जाईल, त्याच्या वाट्यावर ठेवलेल्या फायलीही हाती लागणार नाहीत, तेव्हा बॅकअप आधीच घ्या.

ही यादी वरवर वाचली तर नेटवर्क सोडून फारसं काही जात नाही असं वाटतं. आत शिरलं की खरा पेच कळतो. नव्या गेमच्या डिस्कवर फर्मवेअरही येतं आणि ते चढवल्याशिवाय गेम सुरू होत नाही. ब्लू-रे डिस्कचं कुलूप उघडणाऱ्या सांकेतिक किल्ल्या ठरावीक काळाने बदलतात आणि नव्या किल्ल्या फर्मवेअरमधूनच मिळतात. म्हणजे तेव्हा ३.१५ या आधीच्या आवृत्तीवर थांबलेल्या माणसाचा कन्सोल दर महिन्याला थोडा थोडा निकामी होत जाणार. एकदा पुढे गेलं की मागे येण्याची सोय या यंत्रात नव्हतीच, जुनं फर्मवेअर ते स्वीकारत नसे. यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं तर नव्या आवृत्तीसह परत येण्याची भीती वेगळीच. हवाई दलाच्या प्रयोगशाळेलाही हीच चिंता होती. क्लस्टर नेटवर्कवर खेळत नव्हता, त्यामुळे चालू यंत्रांना धोका नव्हता, पण एखादं मेलं तर त्याच्या जागी दुसरं आणायचं कुठून?

घरात दोन खोल्या असाव्यात, घरमालकाने म्हणावं की स्वयंपाकघर ठेवा नाहीतर न्हाणीघर, निवड तुमची. तशी ही निवड. भाडेकरूला असं म्हटलेलंही आपण चालवून घेत नाही, इथे तर घर विकत घेतलेलं होतं. आणि कंपनीने दिलेल्या माहितीत दोन्ही खोल्या होत्या.

इंग्लंडमधल्या एका गिऱ्हाइकाने सरळ दुकान गाठलं. यंत्र अॅमेझॉनवरून घेतलेलं होतं. त्याने युरोपीय संघाच्या १९९९ च्या ग्राहकविषयक निर्देशाचा दाखला दिला : विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे चालली पाहिजे आणि तशी नसेल तर जबाबदारी विक्रेत्याची. अॅमेझॉनने त्याला ८४ पौंड, म्हणजे किमतीच्या सुमारे २० टक्के, परत केले. यंत्र त्याच्याकडेच राहिलं. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात झटपट न्याय हाच, आणि तो कोर्टाबाहेर मिळाला.

अमेरिकेत एप्रिल २०१० संपण्याआधीच कॅलिफोर्नियाच्या संघराज्यीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला, पाठोपाठ आणखी आले आणि सगळे एकत्र झाले. सोनीची ढाल म्हणजे परवाना करार. कन्सोल पहिल्यांदा सुरू करताना आपण 'मान्य' दाबतो तोच. त्यात लिहिलं होतं की अपडेटमुळे सेटिंग्ज बदलू शकतात, डेटा जाऊ शकतो, काही कार्यक्षमताही जाऊ शकते. 'काही कार्यक्षमता' या दोन शब्दांत किती मावतं, हाच खटल्याचा गाभा. अपघाताने एखादी गोष्ट बिघडणं आणि जाहिरात केलेली सोय मुद्दाम उपटून टाकणं, दोन्ही एकाच वाक्याखाली झाकता येतात का?

न्यायाधीश रिचर्ड सीबोर्ग यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये बहुतेक दावे आणि डिसेंबरमध्ये उरलेलाही फेटाळला. त्यांचा निकाल मी दोनदा वाचला तो त्यातल्या सुरामुळे. मालकांचा राग त्यांनी खरा आणि समजण्यासारखा मानला. गिऱ्हाईक राखण्याच्या दृष्टीने सोनीचा निर्णय शंकास्पद असू शकतो, हेही म्हटलं. पण कायद्याने सोनीला जबाबदार धरता येईल असं काही फिर्यादींनी मांडलेलं नाही, असा निष्कर्ष काढला. नेटवर्क ही सोनीची सेवा आहे, ती कुठल्या अटीवर द्यायची ते सोनी ठरवेल, आणि नेटवर्क नको असेल त्याचं लिनक्स कुणी हिसकावलेलं नाही, असा तो विचार. कागदावर तो बिनचूक आहे. फक्त कंपनीने दिलेल्या माहितीत लिनक्सही होतं आणि नेटवर्कही होतं, 'दोन्हीपैकी एक' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सेवेवरचा ताबा वापरून वस्तूतला भाग काढून घेण्याची ही तऱ्हा मला सगळ्या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची बाजू वाटते, कारण आज टीव्ही, प्रिंटर, राऊटर, गाडी, सगळ्यांच्या मागे अशी एखादी सेवा बांधलेली आहे.

जानेवारी २०१४ मध्ये वरच्या, म्हणजे नवव्या सर्किटच्या, अपील न्यायालयाने काही दावे पुन्हा जिवंत केले. जून २०१६ मध्ये तडजोड पुढे आली. ज्यांनी लिनक्स प्रत्यक्ष वापरलं ते पुराव्यासह ५५ डॉलर मागू शकत, ज्यांनी सोय आहे म्हणून यंत्र घेतलं ते ९ डॉलर. सात-आठ वर्षांपूर्वीची पावती कोण जपतं? २०१७ मध्ये सीबोर्ग यांनीच ती तडजोड मंजूर करायला नकार दिला. मग ३७ लाख ५० हजार डॉलरचा निधी ठरला, माणशी कमाल ६५ डॉलर. त्याला २०१८ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. वकिलांची फी आणि खर्च वजा होऊन, दावेदारांत वाटणी होऊन लोकांच्या हाती जे धनादेश पडले ते १० डॉलरच्या आसपासचे होते.

आपल्याकडे याच काळात १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता आणि त्यात अशा करारातल्या अटींना थेट हात घालणारं काही नव्हतं. २०१९ च्या कायद्यात 'अनुचित करार' ही स्वतंत्र व्याख्या आली आणि त्याविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे नेता येते. ग्राहकाला तोट्यात ढकलणारी अवाजवी अट त्या व्याख्येत बसते. 'मान्य' दाबून दिलेली संमती तिथे उद्या कुणी तपासायला लावली, तर ३.२१ चा दाखला वकिलांना उपयोगी पडेल.

आणि सुरक्षा? जिच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, तिचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २०१० मध्ये 'पीएसजेलब्रेक' नावाचा यूएसबी डोंगल बाजारात आला आणि नकली गेम चालू झाले. त्या डोंगलला लिनक्सची गरजच नव्हती. डिसेंबरच्या शेवटी बर्लिनमधल्या हॅकर परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' गटाने याहून मोठा घाव दाखवला. सोनी प्रत्येक अधिकृत प्रोग्रामवर गुप्त किल्लीने डिजिटल सही करत असे. या सहीच्या गणितात दर वेळी एक नवा, यादृच्छिक आकडा लागतो. सोनी दर वेळी तोच आकडा वापरत होती. आकडा तोच असेल तर दोन सह्या शेजारी ठेवून शाळेतल्या समीकरणासारखी वजाबाकी-भागाकार केला की गुप्त किल्ली बाहेर पडते. कुठलंही अपडेट ती पुन्हा गुप्त करू शकत नव्हतं.

त्याच व्याख्यानात गटाने आणखी एक मुद्दा मांडला. प्लेस्टेशन ३ जवळजवळ चार वर्षं अभंग राहिला तो त्याच्या भक्कम कुलपामुळे, असं सगळे समजत होते. त्यांचं म्हणणं, बंद यंत्रं फोडणाऱ्यांतल्या कसबी लोकांना मुख्यतः स्वतःचा प्रोग्राम चालवायचा असतो आणि इथे ती सोय अधिकृतच होती, म्हणून कुणी हात लावला नाही. दार काढून भिंत बांधली तेव्हा ते कुदळ घेऊन आले. यात स्वतःची भलामण आहे हे धरूनही, तारखा त्यांच्या बाजूने बोलतात : सोय असताना तीन वर्षांहून अधिक शांतता, सोय गेल्यावर नऊ महिन्यांत मूळ किल्ली उघडी.

जानेवारी २०११ मध्ये सोनीने हॉट्झवर आणि इतरांवर खटला भरला. हॉट्झशी तो मार्चअखेर आपसात मिटला. या खटल्याच्या रागातून 'अॅनॉनिमस' या हॅकर गटाने सोनीच्या संकेतस्थळांवर हल्ले केले. एप्रिलमध्ये प्लेस्टेशन नेटवर्कवरच दरोडा पडला, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिलं. हा दरोडा 'अदर ओएस'च्या रागातूनच पडला असं सिद्ध झालेलं नाही. मी ही घटना एवढ्यासाठी सांगतोय की ज्यांनी नेटवर्कसाठी लिनक्सवर पाणी सोडलं होतं, त्यांना त्या दिवसांत तेही मिळत नव्हतं.

डार्टमथमध्ये खन्नांचं काम थांबलं नाही. नवे कन्सोल निरुपयोगी, जुने दुकानांतून संपलेले. मग हवाई दलाच्या प्रयोगशाळेने आपल्या साठ्यातले कन्सोल त्यांना दिले. एवढी यंत्रं थंड ठेवायला विद्यापीठात जागा नव्हती, म्हणून त्यांनी दूध वाहून नेण्यासाठी बनवलेला शीतकंटेनर मिळवला आणि सुमारे दोनशे प्लेस्टेशन त्यात मांडले. त्यांच्यावर कुणी गेम खेळत नव्हतं, ब्लू-रे लावत नव्हतं, सोनीच्या नेटवर्कशी त्यांची ओळख नव्हती. ३.२१ त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नाही.